एटी टायर: गरज किती, मिरवणं किती?

आडवाट
गाडीचा चौथा टायरसेट घ्यायची वेळ आलीय आणि या वेळी मी साधे हायवे टायर, म्हणजे एचटी घालणार आहे. आधीचे तिन्ही सेट ऑल-टेरेनचे, म्हणजे कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांसाठीच्या एटी टायरचे होते, त्यामुळे ऐकीव माहितीवर बोलत नाहीये.

वर्षाला गाडी साधारण २०,००० किलोमीटर चालते. त्यातले कच्चे रस्ते मोजले तर १,५०० सुद्धा भरत नाहीत, आणि त्यातही निम्मा नुसता मुरूम, जिथून कुठलीही गाडी जाते. या १,५०० साठी उरलेल्या १८,५०० किलोमीटरवर मी काय सोसलं? ८० च्या पुढे सतत घुमणारा आवाज, प्रत्येक चाकामागे काही किलो जादा वजन, त्यामुळे सुस्त झालेला पिकअप आणि वाढलेलं इंधन. दोन सेट तर रोटेशनला, म्हणजे चाकांच्या जागा आपसात बदलायला, उशीर झाला म्हणून पायऱ्या पडल्यासारखे झिजले. बोट फिरवलं की करवतीसारखं लागायचं.

माझं सरळ मत: आपल्यापैकी बहुतेकांच्या गाडीवरचे एटी टायर हे दारातल्या न वापरलेल्या व्यायामाच्या सायकलसारखे आहेत. दिसायला दणकट. पटत नसेल तर सांगा.

खडीवाट
नाही पटत. वर्षातून किती दिवस छत्री उघडता? म्हणून ती टाकून देता का? टक्केवारी हा हिशेबच इथे चुकीचा आहे.

माझ्या गाडीला कंपनीतून आलेले एचटी टायर होते. पाटीसारख्या धारदार दगडांची एक उतरण होती, फार अवघडही नव्हती. मागच्या डाव्या टायरची बगल, म्हणजे बाजूची भिंत, चार बोटं फाटली. स्टेपनी लावली. संध्याकाळी त्याच वाटेवर पुढचा उजवा गेला, तोही बगलेत. आता काय करणार? रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीत खिळा घुसला तर प्लग मारता येतो, बगलेला नाही. रात्र गाडीत काढली, सकाळी दुसरी गाडी आली तेव्हा सुटका. डांबरावर केलेले हजारो किलोमीटर त्या रात्री काही कामाला आले नाहीत. तेव्हापासून एटी आणि गेली दोन वर्षं निर्धास्त. आवाज? गाणी जरा मोठ्याने लावतो.

ओलारस्ता
गाणी मोठ्याने लावून ब्रेक लागत नाही ना भाऊ.

फाटलेला टायर माणसाला अडकवतो, न थांबलेली गाडी मारते. पहिल्या जोरदार पावसात ९० ला असताना पुढचा ट्रक थांबला. ब्रेक वेळेवर मारला, एबीएस दणादणा चाललं, आणि तरी मी ट्रकच्या मागच्या फळीपासून हातभर अंतरावर उभा राहिलो. टायर एटी, नक्षी भरपूर शिल्लक. नंतर बगलेवरचा चार आकडी कोड वाचला. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. टायर सात वर्षांचे होते. गाडी जुनी घेतलेली, आणि मी फक्त नक्षी बघून खूश झालो होतो. एटीची हीच फसवणूक. नक्षी खोल म्हणून झिजायला वेळ लागतो, तोवर रबर वाळून कडक होतं.

आणि तो डोंगरावर बर्फाचा कण असलेला शिक्का बघून "ओल्यातही उत्तम" म्हणणाऱ्यांसाठी: ती चाचणी दाबलेल्या बर्फावरच्या पकडीची असते. ओल्या डांबराबद्दल तो शिक्का काहीही सांगत नाही. नुसत्या "एम प्लस एस" (चिखल-बर्फ) शिक्क्याला तर तेवढीही चाचणी लागत नाही, नक्षीच्या रचनेवरून तो छापता येतो.

मोजपट्टी
तुम्ही तिघं टायरच्या टिकाऊपणावरच बोलताय, पण तीन वेगळ्या गोष्टींवर भांडताय. आडवाट झिजण्याबद्दल बोलतोय, खडीवाट फाटण्याबद्दल, ओलारस्ता रबर म्हातारं होण्याबद्दल. एकात चांगला असलेला टायर दुसऱ्यात चांगला असेलच असं नाही. नव्या एचटीची नक्षी साधारण ८ मिलिमीटर, एटीची ११ ते १३. पण नक्षीचे उंच ठोकळे डांबरावर वळवळतात, तापतात, आणि वळवळ म्हणजे झीज. खोली जास्त म्हणून किलोमीटर त्याच प्रमाणात जास्त मिळतील हे गणित चालत नाही.

आणि "एटी" हे नक्षीचं नाव आहे, बांधणीचं नव्हे. याच्यावर कुणी बोलत नाही म्हणून सविस्तर लिहितो. एकाच नावाचा, एकाच नक्षीचा टायर दोन प्रकारे मिळतो: साध्या प्रवासी बांधणीत आणि एलटी, म्हणजे हलक्या ट्रकच्या बांधणीत. शेजारी ठेवले तर ओळखू येणार नाहीत. उचलून बघा, मग कळेल. एलटीत मापाच्या आधी "एलटी" छापलेलं असतं आणि लोड रेंज, म्हणजे भार पेलण्याची श्रेणी, सी, डी किंवा ई. "ई" म्हणजे दहा प्लाय, म्हणजे दहा थर, असं दुकानात सांगतात, पण ते ताकदीचं जुनं माप आहे. बगल कापून पाहिली तर थर दोन किंवा तीनच निघतात. मात्र ते जाड आणि मजबूत असतात. दगडाशी खरी लढाई याच थरांची, नक्षीची नाही.

खडीवाट, एक विचारू? तुमच्या टायरवर मापाच्या आधी काय लिहिलंय?

खडीवाट
खाली जाऊन बॅटरीच्या उजेडात बघून आलो. २६५/६५ आर १७ ११२ एस. आधी काही नाही.

मोजपट्टी
म्हणजे प्रवासी बांधणी. ११२ म्हणजे टायरमागे ११२० किलो, एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर. फाटलेल्या एचटीवरही बहुधा हेच असेल. एटीच्या खांद्यावरचे, म्हणजे नक्षीच्या कडेचे ठोकळे थोडं रक्षण करतात, नाही असं नाही. पण ज्या दगडाने तो टायर फाडला, तो यालाही फाडू शकतो.

खडीवाट
मग दोन वर्षं त्याच वाटांवर एकही फाटला नाही, ते काय माझ्या पुण्याईने?

हवाबदल
पुण्याईने नाही, हवेने! पैजेवर सांगतो, पहिल्या वेळी तुम्ही हायवेच्या हवेवर दगडात शिरला होतात आणि हल्ली हवा कमी करून जाता.

खडीवाट
...हो. तेव्हा ३६ पीएसआय होती. आता २२ करतो. हवा भरायचा कॉम्प्रेसर त्या प्रसंगानंतरच घेतला.

हवाबदल
बघा! टणक फुगलेला टायर दगडावर आपटतो, मऊ टायर दगडाला गुंडाळतो. हवा कमी केली की जमिनीला टेकलेला भाग रुंदीपेक्षा लांबीत जास्त वाढतो, म्हणून वाळूतही गाडी तरंगल्यासारखी जाते. दगडात मी २० ते २२, वाळूत १६ ते १८. त्याच्या खाली साध्या रिमवर जाऊ नका, जोरात वळवलं तर टायर रिमवरून निसटतो. माझं तर म्हणणं आहे, आधी कॉम्प्रेसर आणि हवा मोजायचं गेज घ्या, टायरची चर्चा नंतर करू. आडवाटचं बरोबर आहे, एचटीही पुरतो.

मोजपट्टी
इथे जरा थांबा. हवा कमी केली की बगल फुगून बाहेर येते, म्हणजे बाजूच्या दगडाला ती जास्त दिसते. मऊ टायर घेऊन वेगात गेलात तर दगड आणि रिम यांच्यामध्ये बगल चेमटते, दोन्हीकडून कापली जाते. हवा कमी तर वेग पण कमी, हे जोडीनेच सांगायला हवं. आणि १८ किंवा २० इंची रिमवर बगल इतकी बुटकी असते की हा खेळ खेळायला जागाच उरत नाही. ब्रेकला अडत नसेल तर रिम एक इंच लहान करून त्याच व्यासाचा उंच बगलेचा टायर घालणं, हा बदल नक्षीच्या बदलापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

ओलारस्ता
आणि परत हवा भरायचं विसरणारे? मी एका सहलीत मागून बघत होतो. पुढची गाडी कच्च्यातून वर आली आणि तशीच १०० ने निघाली. तासाभरात टायरच्या चिंध्या. कमी हवेवर बगल दर फेऱ्याला मुडपते, तापते, आतले थर सुटतात. आडवाटेवर न फाटलेला टायर हायवेवर फाडायची ही हमखास युक्ती.

नवखा
मध्येच विचारतो, माफ करा. २६५/६५ च्या जागी २६५/७० घातले तर चालतील का? आर १७ च. दिसायला छान दिसतात.

मोजपट्टी
व्यास ७७६ वरून ८०३ मिलिमीटर होतो, म्हणजे साधारण साडेतीन टक्के वाढ. काटा १०० दाखवेल तेव्हा आधीपेक्षा साडेतीन किलोमीटरने जास्त धावत असाल. स्टिअरिंग पूर्ण फिरवून आणि गाडी पूर्ण भरून, दोन्ही वेळा कुठे घासतंय का बघा. स्टेपनीही त्याच मापाची लागेल. फोर व्हील ड्राइव्हमध्ये एक चाक वेगळ्या व्यासाचं चालत नाही, गिअरचे दात एकमेकांवर ओढले जातात. "छान दिसतात" वर माझं मत राखून ठेवतो.

आडवाट
दिवसभरात बरंच झालं की. मोजपट्टी, मग सगळ्यांनी एलटी ई घ्यावेत असंच तुमचं म्हणणं ना? म्हणजे मी जे तीन सेट सोसले त्याहून जड?

मोजपट्टी
मुळीच नाही. ११२ चं पूर्ण वजन साधा टायर ३५-३६ पीएसआयलाच उचलतो. एलटी ई वर १२१ लिहिलेलं असतं, १४५० किलो, पण तो आकडा ८० पीएसआयचा आहे. लोक एलटी घालतात आणि दारावरच्या पट्टीवर लिहिलेली साध्या टायरची हवा भरतात. गाडी सामानाने भरली की तो दणकट टायर कमी हवेवरच धावतोय. त्याला जास्त हवा द्यावी लागते, आणि मग रिकाम्या गाडीत कंबर हलते. सतत धारदार दगड असेल, गाडी वजनाने लादलेली असेल, तर एलटीला पर्याय नाही. १,५०० किलोमीटरच्या मुरुमाला नाही.

आडवाट
आवाज आणि झीज मी एटीच्या नावावर टाकत होतो. आत्ता जुनं बिल काढून पाहिलं, तिन्ही सेट एलटी होते. दणकट हवे म्हणून मीच हट्ट धरला होता. आणि हवा कायम ३४.

तरी मत पूर्ण बदलत नाहीये. दाट नक्षीचा, प्रवासी बांधणीतला सौम्य एटी बघतो, ओल्या डांबरावरची पकड आधी तपासून. चार महिने माझ्याकडे पाऊस असतो, ओलारस्त्याचा ट्रक डोक्यातून जात नाही.

खडीवाट
आणि मी पुढचा सेट एलटी सी. ई नको. आपण दोघांनी अदलाबदल केली म्हणायची.

ओलारस्ता
घ्या काय हवं ते. फक्त आज स्टेपनीवरचा चार आकडी कोड वाचा, सगळ्यांनी. तिच्याकडे कोणी बघत नाही.

आडवाट
स्टेपनीची नक्षी नवी कोरी आहे माझी, एकदाही रस्त्याला लागलेली नाही. थांबा, बघून येतो.

आडवाट
३११३.