आमटी कडेला उकळते, मध्ये मात्र गारच राहते

बी-७०२: नमस्कार. आमच्याकडे प्रत्येकाची नेरुळ स्टेशनवर उतरण्याची वेळ निराळी असल्यामुळे रात्रीचे जेवण मायक्रोवेव्हमध्येच गरम होते. परंतु आमटी कडेला उकळते, मध्ये गार राहते आणि पोळी वातड होते. यंत्र बदलावे का, याविषयी जाणकारांनी कृपया सांगावे.

ए-३०४: ताई, बदलण्याची मुळीच गरज नाही. बहुतेक घरांत पॉवरचे बटण कोणी दाबतच नाही. थेट स्टार्ट दाबले जाते आणि यंत्र पूर्ण शक्तीने चालते. मायक्रोवेव्हच्या लहरी अन्नात जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर प्रभावीपणे शिरतात आणि त्याच्या आतल्या भागाला उष्णता बाहेरच्या थराकडूनच हळूहळू मिळते, म्हणून भात किंवा दाट आमटी ५० ते ६० टक्के पॉवरवर थोडा अधिक वेळ ठेवावी, अर्ध्यावर एकदा ढवळावी आणि यंत्र थांबल्यावर दोन मिनिटे झाकूनच राहू द्यावी. साध्या यंत्रात ५० टक्के याचा अर्थ मॅग्नेट्रॉन, म्हणजे लहरी निर्माण करणारा भाग, आलटून पालटून चालू आणि बंद होतो (मधूनच आवाज बदलतो तो त्यामुळे), आणि त्या बंद काळात उष्णता आत पोहोचते. भाताचा ढीग न करता मध्ये खळगा ठेवून तो कडेने पसरावा, कारण फिरत्या ताटलीच्या मध्यावरचा घास जागच्या जागीच फिरतो.

सी-११०१: पोळीपुरते माझे मत वेगळे आहे. ओलसर सुती फडक्यात गुंडाळून १५-२० सेकंद ठेवली तर ती मऊ होते हे खरे, पण लगेच खाल्ली नाही तर पुन्हा वातड होतेच. पोळी तव्यावरच गरम करावी. शेंगदाणे मात्र मी गेली अनेक वर्षे मायक्रोवेव्हमध्येच भाजते. एक वाटी दाणे पसरट काचेच्या भांड्यात घ्यावेत, दर मिनिटाला हलवावेत आणि रंग किंचित कमी असतानाच बाहेर काढावेत, कारण आतल्या उष्णतेने ते बाहेरही भाजत राहतात. पावसाळ्यात सादळलेला चिवडा ३० सेकंद गरम करून उघडाच गार होऊ द्यावा. कुरकुरीतपणा गार झाल्यावर येतो, गरम असताना नव्हे.

बी-७०२: काका, स्टीलच्या डब्यात गरम केले तर चालेल का?

ए-३०४: नाही. धातूवरून लहरी परत फिरतात. अन्न नीट तापत नाही आणि ठिणग्या पडू शकतात. मेलामाइनची (कडक प्लास्टिकची) भांडीही टाळावीत, कारण ती स्वतःच तापतात. बोरोसिलिकेट काच उत्तम. कन्व्हेक्शनवर, म्हणजे गरम हवेने भाजताना, केकचे धातूचे भांडे चालते, परंतु त्यात मायक्रोवेव्हचीही जोड असेल तर पुस्तिका पाहूनच ठेवावे.

सोसायटीचे सचिव: एक विनंती आहे. अन्नाला ८०० वॉट शक्ती देणारे यंत्र विजेचे १२०० वॉट किंवा त्याहूनही अधिक घेते, त्यामुळे ते फ्रिजसोबत एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नये. १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट वापरावे.

डी-२०३: आमच्या यंत्रात आतल्या बाजूला ठिणग्या दिसतात. भांडे काचेचेच आहे.

ए-३०४: आतल्या भिंतीवरच्या अभ्रकाच्या पातळ पत्र्यावर तेल आणि अन्नाचे शिंतोडे जळले असावेत. वाटीभर पाण्यात लिंबाच्या फोडी घालून तीन-चार मिनिटे उकळावे, दार पाच मिनिटे बंद ठेवावे आणि मग मऊ फडक्याने पुसावे. पत्रा जळून भोक पडले असेल तर यंत्र वापरू नका. तो बदलून मिळतो. बाहेरचे आवरण मात्र स्वतः उघडू नये, कारण प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) जीवघेणा विद्युतभार उरू शकतो.