शब्दचर्चा: ‘जीव नकोसा झालाय’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न: मी पुण्यात समुपदेशन शिकते आहे, हडपसर भागात प्रात्यक्षिक सुरू आहे. येणाऱ्यांत सोलापूर, लातूर, बीडकडचे बरेच. नैराश्य तपासायच्या पीएचक्यू-९ प्रश्नावलीत शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. बायका त्यावर ‘जीव नकोसा झालाय’ किंवा ‘कंटाळा आलाय’ म्हणतात. हे ‘हो’ धरायचं का?

प्रतिसाद: लगेच धरू नका आणि सोडूनही देऊ नका. मे महिन्यातल्या उकाड्यानंही जीव नकोसा होतो, आणि घरात रोज मार खाणारी बाईही हेच म्हणते. ‘या गुडघ्यांनी जीव नकोसा केलाय’ यात तक्रार गुडघ्यांची असते (सततचं दुखणं असेल तर तिलाही मरणाच्या विचारांबद्दल विचाराच). कारण न सांगता तेवढंच बोलून कुणी गप्प झालं, तर थांबा. ‘कंटाळा’ मला जास्त काळजीचा वाटतो. शाळकरी मुलाचा कंटाळा सुट्टीतला. एखादे आजोबा ‘आता कंटाळा आला’ म्हणतात तेव्हा तो जगण्याचा असू शकतो. सरळ विचारा: ‘मरून जावं असं वाटतं का? जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावं असं मनात येतं का?’ विचारल्यानं तसा विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे. उत्तर ‘हो’ आलं, तर त्यांना एकटं न सोडता तुमच्या मार्गदर्शकांना तिथेच बोलवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही घरच्यांना द्या.

दुसरा प्रतिसाद: प्रश्नावलीच्या पहिल्याच प्रश्नात ‘रस वाटत नाही’ असं विचारलं की आमच्या लातूरकडच्या बायका नुसत्या बघत राहतात. ‘कशात मन लागत नाही का?’ हे कळतं. ‘करमत नाही’ मात्र जपून. लेक सासरी गेली की घरात करमत नाहीच, तो आजार नव्हे. पूर्वी भजनाला जायची, आता गेल्या दोन आठवड्यांत बोलावूनही गेली नाही, असं काही सापडतं का बघा.

प्रश्नकर्ती: ताई, मग नोंदीत काय लिहू?

प्रतिसाद: तिचेच शब्द, जसेच्या तसे, प्रश्नावलीचे गुण वेगळे. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तिकेत (२०१३) १६ प्रश्नांची सांस्कृतिक मुलाखत दिली आहे. तुमच्या त्रासाबद्दल घरच्यांना, ओळखीच्यांना कसं सांगाल, असं त्यात सुरुवातीलाच विचारतात. प्रश्नावलीचे शब्द मात्र मनानं बदलून गुण देऊ नका. छापील मराठी प्रश्न आधी वाचा, मग बोलीत समजावा, आणि तसं समजावल्याचंही नोंदवा.