आरएक्स १०० : ५००० आरपीएमला ठिणगी मध्येच उडी का मारते?

धायरीचा_किकर
मंडळी, यामाहा आरएक्सच्या सीडीआयला (ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) स्वतःचा अ‍ॅडव्हान्स कर्व्ह (कोणत्या वेगाला ठिणगी किती आधी, तो तक्ता) द्यायचा खटाटोप चाललाय. तापकीर गल्लीतून आणलेला १६ मेगाहर्ट्‌झचा आर्डुइनो नॅनो (छोटा प्रोग्रॅमेबल बोर्ड). पिकअप (मॅग्नेट फिरताना पल्स देणारी कॉइल) सरकवून पल्सची कड टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) ३५ डिग्री आधी आणलीये. ती डी२ पिनवर इंटरप्टने (चालू काम थांबवून लगेच दखल घ्यायला लावणारा सिग्नल) पकडतो, 'मायक्रोस' फंक्शनने वेळ मोजतो, तिथेच डिले देऊन एससीआरला (ठिणगी सोडणारा स्विच) पल्स. आयडलला टायमिंग लाइटखाली (दर ठिणगीला चमकणारा दिवा) मॅग्नेटवरची खूण जवळपास स्थिर. ५००० ला मात्र दोन-तीन सेकंदांतून एकदा सटकते, पाचेक डिग्री सहज. इलेक्ट्रिकल नॉइज समजून शील्डेड वायर टाकली, प्लगची रेझिस्टर कॅप बदलली, फरक शून्य. सोसायटीवाले आधीच वैतागलेत, रविवारी रेस करायची सोय नाही. नॅनोऐवजी एसटीएम३२ चिप घेऊ का? (टाकीवर आठ रंगीत एलईडींचा आरपीएम बारपण लावलाय, तो मात्र झकास चालतो.)

जुना_फिटर
उडी दोन्ही बाजूंना जाते की फक्त उशिराकडे?

धायरीचा_किकर
फक्त उशिराकडे, काका. आत्ताच परत बघून आलो.

जुना_फिटर
मग नॉइजवर खापर फोडू नकोस. नॉइज असता तर ठिणगी कधी लवकरही पडली असती. चोर तुझ्या टाकीवर बसलाय! ते एलईडी डब्ल्यूएस२८१२ (एकाच वायरीवरून रंगाचा डेटा घेणारे) असणार. एकेकाला डेटा पाठवायला ३० मायक्रोसेकंद, आठांना २४०, आणि तेवढा वेळ त्यांची लायब्ररी (तयार कोड) सगळे इंटरप्ट बंद ठेवते; कड नेमकी तेव्हा आली तर उशिरा पकडली जाते. ५००० ला एक डिग्री म्हणजे ३३ मायक्रोसेकंद. कर गुणाकार, सात डिग्री होतात. आयडलला तेवढ्याच वेळात दोन डिग्रीही होत नाहीत, म्हणून तुला दिसलं नाही.

चिप बदलू नकोस. पिकअप डी८ पिनवर ने, चिपमधल्या टायमर१ चं इनपुट कॅप्चर वापर, प्रीस्केलर (घड्याळाचा वेग भागणारा आकडा) ८. इंटरप्ट बंद असले तरी कड आली ती वेळ हार्डवेअर टिपून ठेवतं, अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या बारकाव्याने. ठिणगी डी९ वरून, आउटपुट कंपेअरने (भरलेली वेळ आली की टायमर स्वतःच पिन बदलतो). एक सांभाळ : कंपेअरमध्ये होऊन गेलेली वेळ भरलीस, तर टायमर पूर्ण वळसा घालून ३२.७ मिलिसेकंदांनी ठिणगी देईल, तेव्हा पिस्टन कुठे असेल देव जाणे. आधी तपास, मगच भर. आणि बार दुसऱ्या नॅनोवर टाक.

पेठेतला_टूस्ट्रोक
किक मारताना मागच्या फेरीवरून हिशेब करू नकोस. कॉम्प्रेशनला क्रँक मंदावतो, डिले कमी पडतो, ठिणगी लवकर पडते आणि किक पोटरीवर येते. माझी महिनाभर काळीनिळी होती. ६०० आरपीएमच्या खाली पिकअपच्या मागच्या कडेवर थेट ठिणगी दे. तो पल्स उलट ध्रुवाचा असतो, वेगळा ट्रान्झिस्टर लागेल.

धायरीचा_किकर
काका, बारच्या कोडची एक ओळ कॉमेंट (म्हणजे बंद) केली आणि खूण जागची हलेना! तीन आठवडे वायरी सोलत बसलो होतो. डी८ चं काम शनिवारी. बार बंद म्हणून पोरगा रुसलाय, त्याच्यासाठी दुसरा नॅनो आणतोच.