खानापूर: कौलारू घराच्या आतल्या कोपऱ्यात पन्हळ ओसंडते

प्रश्न: एल आकाराचं घर, मंगळुरी कौलं. दोन पाखी, म्हणजे छपराचे उतार, मिळतात तिथं पाणी पन्हळीबाहेर पडून भिंत भिजते. मोठी पन्हळ बसवू का?

उत्तर १: आधी भर पावसात बघा. पाणी पन्हळीवरून उडी मारतंय की पन्हळ तुंबतेय? उडत असेल तर दोन्ही पाख्यांचं पाणी एका धारेत वेगानं येतंय. कोपऱ्यात बाहेरच्या काठाला सहा इंच उंच पत्र्याची आडपट्टी लावा, दोन्हीकडं फूटभर. रिव्हेट मारा, सांध्यात सिलिकॉन भरा.

उत्तर २: तुंबत असेल तर दहा फुटांना अर्धा इंच उतार हवाच, आणि चार इंची पाइप त्याच कोपऱ्याजवळ. तोंडाला सपाट बारीक जाळी नको. फणसाचं एक पान आडवं चिकटलं की संपलं! घुमटी जाळी घाला.

प्रश्नकर्ता: उडतंयच. उद्या आडपट्टी.

उत्तर १: कौलं ओली असताना चढू नका हं, शेवाळ असतं.