एप्रिलअखेर डिचोलीत मुक्काम: हुर्राक कशात घालून प्यायचा आणि सोबत काय रांधायचं?

पुणेरी_पाहुणा
एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं गोव्यात डिचोलीजवळ एका घरगुती मुक्कामाला जातोय. खोलीत एक शेगडी, पातेलं, तवा आणि छोटा फ्रिज. शेकर-बिकर काही नाही. तेव्हा हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची दारू, मिळतो म्हणतात. लिम्का सोडून आणखी कशात घालता येईल? एक जण पीत नाही, एक जण शाकाहारी. रोज हॉटेलात जेवायचा कंटाळा आहे, पोटाला बरं वाटेल असं सोपं काही सुचवा.

बांद्याची_सून
आधी लिम्काला नाक मुरडू नका हो, आमच्या भागातले जुने पिणारेही तेच घालतात. उंच ग्लासात भरपूर बर्फ, एक भाग हुर्राक, दोन भाग लिम्का, अर्धं लिंबू, चिमूटभर मीठ आणि देठासकट उभी चिरलेली हिरवी मिरची. मिरची ठेचायची नाही, ढवळायची नाही, नुसती सोडायची. जरा वेळाने तिचा वास उतरतो आणि घशाशी हलकी झणझण येते. चेचलीत तर तिखटजाळ पाणी पीत बसाल.

हुर्राक म्हणजे काजूच्या बोंडांचा आंबवलेला रस पहिल्यांदा भट्टीवर चढवून काढलेला. साधारण १५ टक्क्यांचा. फेणी ४२च्या घरात. म्हणून हा सरबतासारखा उतरतो आणि नवखा माणूस फसतो. भर दुपारी पिऊन स्कूटर काढणारे पाहुणे दर हंगामात दिसतात, त्यांत तुमची भर नको.

लिम्का नकोच असेल तर आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस. दुकानात नीट बघून घ्या, नाहीतर अमृत कोकम गळ्यात मारतील. ते गोड असतं. आगळात मीठ असतं, साखर नसते. ग्लासात दोन चमचे आगळ, हुर्राक, बर्फ, वरून साधा सोडा. मीठ वेगळं घालू नका. न पिणाऱ्याला हेच हुर्राक वगळून, थोडी साखर आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून द्या. कुणाकडे ताजा नीरो मिळाला तर सोन्याहून पिवळं! तुडवलेल्या बोंडांच्या लगद्यातून निथळलेला रस असतो तो. सकाळी आणा, सकाळीच संपवा, उन्हात लगेच आंबायला लागतो.

जेवायला पेज करा. वाटीभर उकडे तांदूळ रात्री भिजत घालायचे, सकाळी सात-आठ वाट्या पाण्यात मंद आचेवर दाणा फुटेपर्यंत शिजवायचे. पाऊण-एक तास लागतो, घाई करू नका. मीठ शेवटी.

सोबत किसमूर. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुका जवळा मिळेल. निवडून कोरड्या तव्यावर कुरकुरीत भाजा, त्यात बारीक कांदा, ओलं खोबरं, मिरची पूड, थेंबभर आगळ. कालवलं की लगेच ताटात, थांबलात तर चिवट होतं. शाकाहारी माणसाला जवळ्याऐवजी भाजलेला उडदाचा पापड चुरून घाला. पापडाचंही किसमूर करतातच, त्याला वेगळं वागवल्यासारखं वाटणार नाही.

डोंबिवलीचा_बाब्या
आम्ही जिंजर एल घातलं होतं. भारी लागतं.

बांद्याची_सून
लागत असेल हो. पण त्या आल्याच्या गोडात बोंडाचा वास मरतो. तो वास नको असेल तर हुर्राकच कशाला हवा, व्होडका प्या की! आणि ज्यांना वास सोसत नाही त्यांनी बर्फ वाढवावा, गोड नाही.

पुणेरी_पाहुणा
झकास! येताना एक बाटली पुण्याला आणावी का?

बांद्याची_सून
नको. सीमेवर गाड्या तपासतात, गोव्यातली दारू महाराष्ट्रात न्यायला परवाना लागतो. शिवाय हुर्राक ठेवून प्यायची गोष्ट नाही, हंगामात तिथेच प्यायचा. आगळाच्या दोन बाटल्या आणा, त्यांना कुणी अडवत नाही. झाकण मात्र घट्ट लावा आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा, त्याचा डाग कपड्यावरून जाता जात नाही.