देवाने कौल दिला नाही म्हणून घराचं काम थांबवायचं का?

डोंबिवलीत_अडकलेला:
नमस्कार मंडळी. आमचं गाव मालवण तालुक्यात, नाव मुद्दाम देत नाही कारण भावकीतले दोघं-तिघं इथे वाचतात. आजोबांचं मातीचं घर आहे, मागच्या पावसात पडवीची भिंत बसली, वासे वाळवीने पोखरलेत. मी आणि चुलतभावाने ठरवलं की पाडून चिऱ्याचं बांधू, इंजिनियर बघून गेला, चिऱ्यांना अॅडव्हान्स पण दिला, आणि मग काका देवळात कौल लावायला गेले. कौल डावा. परत लावला, परत डावा. संपलं. काम बंद, का तर "देव नाय म्हणता". माझी बायको घाटावरची, सातारची, ती म्हणते देवाला तुमच्या पडवीशी काय घेणंदेणं. मी स्वतः धड आस्तिक नाही धड नास्तिक नाही, पण गणपतीला गावी गेलो नाही तर वर्षभर चुकल्यासारखं वाटतं, आणि काकांसमोर "मी हे मानत नाही" म्हणायची हिंमत आजपर्यंत झालेली नाही. तुमच्याकडे अजून असं चालतं का, आणि घरात कसं निभावता? नुसतं "अंधश्रद्धा आहे, सोड" लिहायचं असेल तर राहू दे, ते ऑफिसात सांगून झालंय सगळ्यांनी.

वहाळाकाठचो:
अरे बाबा, देव नाय म्हणता म्हणजे भावकीत कोणतरी नाय म्हणता, ता आधी बघ.
आता नीट सांगतो. कौल म्हणजे गुरव पाषाणाला ओले तांदूळ लावतो, काही गावांत कळे नायतर पाकळ्या लावतात, उजवीकडचं आधी पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. पण त्याच्या आधी गाऱ्हाणं घातलं जातं ना, "बा देवा म्हाराजा" करून, ते सगळ्यांच्या समोर मोठ्याने. कोणाचं घर, कोणत्या जागेत, कोणाची काय अडचण, सगळं तिथे बोलावं लागतं, आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. हे "व्हय" कोण जोरात म्हणतो आणि कोण खाली बघत उभा राहतो ते जाणती माणसं बघत असतात. तुझ्या सातबाऱ्यावर नावं किती आहेत? आमच्याकडे एका सातबाऱ्यावर पन्नास-पन्नास नावं, निम्मी मुंबईत, त्यात मेलेल्यांची पण. सहहिस्सेदारांची संमती घेतलीस काय? आत्यांना विचारलंस? २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा पण वाटा सारखाच आहे, हे काकांना देवाने नाही सांगितलं तर तलाठी सांगेल.

पेठेतला_पाहुणा:
ओले तांदूळ सुकले की पडतात, जिकडे पाणी कमी तिकडचे आधी. यात देव कुठे आला? बाकी तुमचं चालू द्या.

वहाळाकाठचो:
@पेठेतला_पाहुणा ता आमका पण कळता हो. लग्नाचा मुहूर्त तुम्ही पंचांगात बघितला नव्हता काय?

आचऱ्याची_सून:
मी लग्न होऊन आचऱ्यात आले तेव्हा गावपळण हा शब्द पण ऐकला नव्हता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, देव रामेश्वराचा कौल झाला की आख्खा गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतो. गुरं, कोंबड्या, कुत्रा, म्हातारी माणसं, बाळंतीण, सगळी. चिंदर आणि वायंगणीत पण असते. आमच्याकडे २०१९ ला झाली, मग २०२४ च्या डिसेंबरात. मुसलमान घरं पण निघतात, ती काय रामेश्वराला घाबरून निघत नाहीत, गाव निघाला की मागे एकटं राहायचं कशाला. बाहेर झावळांच्या झोपड्या, रात्री भजनं, फुगड्या, आणि ज्या जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या त्यांची चूल शेजारी शेजारी. कारण विचारलं तर कोणी सांगतं त्या दिवसांत गाव देवाचा आणि भुतांचा असतो, हल्ली शिकलेले सांगतात की निसर्गाला विश्रांती, प्रदूषण कमी वगैरे. मला ते नंतर चिकटवलेलं वाटतं, शहरातल्या लोकांना सांगायला बरं म्हणून. पाहुणे फोटो काढायला येतात तेव्हा फार छान वाटतं सगळ्यांना, पण तिथे पण स्वयंपाक बायकांनाच करावा लागतो, तोही तीन दगडांवर, हे कोणी लिहीत नाही. तरी पुढच्या वेळी नाही येणार म्हणाले तर माझीच मुलं रडतील.

हर्णैचा_तांडेल:
आमच्याकडे कौल नाही पण नारळ आहे. सरकारी बंदी १ जून ते ३१ जुलै, १ ऑगस्टला बंदर खुलं. जुनी माणसं म्हणायची नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी लोटायची नाही, आणि त्यात अर्थ होताच, दर्या उधाणलेला असतो, मासळी अंडी घालते. पण पौर्णिमा तारखेवर चालत नाही ना. २०२३ ला अधिक श्रावण आला आणि नारळी पौर्णिमा गेली थेट ३० ऑगस्टला! महिना बसून राहायचं? बँकेचा हप्ता पौर्णिमा बघत नाही, खलाशांना उचल दिलेली असते, बर्फ डिझेल सगळं उभं असतं. तेव्हा मोठ्या बोटींतल्या बऱ्याच गेल्या आणि आमच्या आळीतल्या छोट्या होड्यावाल्यांतले काही थांबले. गंमत बघा, ज्याचं कर्ज मोठं त्याची श्रद्धा आधी वाकते. मी स्वतः घरचा नारळ १ तारखेलाच वाढवून निघालो, आणि पौर्णिमेला परत सगळ्यांबरोबर सोन्याचा म्हणून सजवलेला नारळ घेऊन वाजतगाजत गेलो. आईला विचारलं चालेल का, ती म्हणाली दर्याला दोन नारळ जड नाहीत.

खाडीपलीकडची:
आम्ही कोकणी मुसलमान, दाभोळ खाडीच्या बाजूचे. घर बांधताना कौलबिल नाही पण नव्या घरात मौलूद, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचं पठण, झाल्याशिवाय आई राहायला जाणार नाही. मोठा भाऊ कुवेतला असतो, तो तिथून शिकून आला की हे धर्मात नाही, बंद करा. आई म्हणाली धर्म मला तू शिकवू नकोस, तुला फातिहा मीच शिकवला. शेवटी मौलूद झालं, भाऊ त्या वेळी बाजारात गेला आणि बिर्याणीला परत आला.

रायगडचा_एक:
सगळं गोड गोड चाललंय म्हणून लिहितो. आमच्या भागात गावकी म्हणजे काय ते विचारा. देव नाही म्हणाला इथपर्यंत ठीक, पण पंच नाही म्हणाले आणि तुम्ही ऐकलं नाही की वाळीत. किराणा नाही, मयताला कोणी येत नाही, बोललं तर बोलणाऱ्याला दंड. आमच्या नात्यातल्या एका घराने हे भोगलंय, कारण काय तर मुलाने लग्न ठरवताना विचारलं नाही. रायगडातली अशी प्रकरणं गाजली म्हणून तर सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आला, २०१७ पासून लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे त्यात. तुम्ही काकांचं न ऐकता घर बांधलं तर कोणी वाटेल तसं वागेल का एवढं आधी तपासा. वागणार नसतील तर तुमचा देव चांगला आहे, थांबा खुशाल.

डोंबिवलीत_अडकलेला:
@रायगडचा_एक नाही नाही, तसं आमच्याकडे कोणी वागणार नाही, पाणउतारा करतील फार तर. @वहाळाकाठचो काल काकांना फोन केला, सातबारा विषय काढला. आत्यांना कोणी विचारलेलं नाही, ते एक. दुसरं म्हणजे बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "तुझ्या त्या नकाशात विहिरीकडची वाट खंय गेली?" इंजिनियरने मागची पडवी वाढवलीय आणि वरच्या घरातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथून पाण्याला जातात, ते आमच्या कोणाच्या डोक्यातच नव्हतं, आता नळ आहे म्हणून. काका म्हणाले ते वरचे देवळात होते पण बोलले काहीच नाहीत. बायको म्हणते मग हे सरळ फोनवर सांगता येत नव्हतं का. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आचऱ्याची_सून:
वहिनींना सांगा, सरळ सांगितलं असतं तर वरच्या घराशी भांडण झालं असतं, आता देवाशी झालंय. ते मिटतं.

वहाळाकाठचो:
पडवी आत घे आणि चार फूट वाट सोड, डोक्यार कळशी घेवन माणूस सरळ जावक व्हया. आत्यांकडून संमतीपत्र करून घे, नुसता तोंडी नको. आणि कौल आता दसऱ्यानंतर लावा, पावसात तांदूळ लवकर सुकत नाय.