ई-क्लासवर सुबाभूळ लावावी का?

कुरणवाला: ग्रामपंचायतीच्या ई-क्लासवर, म्हणजे गावाच्या सरकारी चराईच्या जमिनीवर, चाऱ्यासाठी सुबाभूळ लावायची चर्चा आहे. माझा विरोध आहे. पाला उत्तम, वाद नाही. पण धोका मोजायचा तर शेंग पाहा. झाड लवकर फुलावर येतं, स्वतःच्याच परागावर बी धरतं. किलोत साधारण २० हजार बिया. टणक कवचामुळे त्या मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. ऑस्ट्रेलियात बाहेरची वनस्पती आणण्याआधी ४९ प्रश्नांवर धोक्याचे गुण देतात. ६ च्या वर गेली की नकार. मूळची मेक्सिकोची ही सुबाभूळ जगातल्या १०० घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे.

शेळीपालक: यादी जगाची, वावर आपलं! मे महिन्यात कुटार संपतं तेव्हा हिरवा पाला कुठून आणायचा? यात २० टक्क्यांच्या वर प्रथिनं असतात. दर ४०-५० दिवसांनी कमरेएवढ्या उंचीवर कापा, शेंग धरायला वेळच मिळत नाही. शिवाय काळ्या जमिनीत पाणी साचलं की हिची मुळं गुदमरतात, ती सगळीकडे पसरेल कशी?

कुरणवाला: काळ्या वावरातलं पटतं. धोका मुरमाड नाल्याकाठी आणि रस्त्याकडेला आहे, आणि आपला ई-क्लास नाल्यालाच लागून आहे. धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) मालक कापेल, ई-क्लासवर कोण? एक फेरी चुकली की शेंगा वाळून तडकतात, बी पुराबरोबर खाली जातं. ढोरांनी पिकल्या शेंगा खाल्ल्या तर काही बी शेणातून धड बाहेर पडतं. झाड तोडलं की बुंध्यातून फुटवे येतात. रोप उपटायचं ते बोटाएवढं असताना, ओल असेपर्यंतच. नंतर मूळ तुटून आत राहतं. आणि पाल्यातलं मिमोसिन हे विषारी द्रव्य विसरू नका, एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त पाला दिला तर केस गळतात.

शेळीपालक: पाला मोजूनच द्यावा, हे मान्य. पण पर्याय सांगा.

धुरेकरी: दोघांचंही निम्मं बरोबर. धुऱ्यावर, नाल्यापासून लांब, नियमित कापणार असाल तरच सुबाभूळ. ई-क्लासवर मुरमाड भागात स्टायलो (चाऱ्याची शेंगवर्गीय वनस्पती) आणि पवना गवत मिसळून पेरा. हिरव्या पाल्यासाठी वावरात शेवरी लावा. स्टायलोचंही बी पडतं, पण ती बुटकी राहते, चराईने आटोक्यात येते. निर्णयाआधी एक करा: गावात जुनी सुबाभूळ जिथे आहे तिथे पोळ्याच्या सुमारास जा. झाडाच्या सावलीबाहेर ५० पावलं चालत रोपं मोजा, नाल्याच्या दिशेने वेगळी. तिकडे रोपं जास्त दिसली तर ई-क्लासचा विषय तिथेच मिटतो.